फेरफारांची साखळी मध्येच तुटते तेव्हा : तहसीलच्या दप्तरातून पूर्वज शोधताना

घराण्याची वंशावळ सरकारी कागदांवरून जुळवू पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकसारखी असते. आजचा सातबारा मिळतो, त्यावरच्या वर्तुळातील फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) क्रमांकांवरून आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद सापडते, तिच्यावरून आणखी एक पिढी मागे जाता येते, आणि मग १९२० ते १९४० च्या दरम्यान कुठेतरी पणजोबा एकाएकी नाहीसे होतात. त्याआधीच्या नोंदीत त्या जमिनीचा कब्जेदार म्हणून भलताच माणूस असतो, किंवा आडनाव ओळखीचे नसते, किंवा तो गट क्रमांकच जुन्या पुस्तकात नसतो. अभिलेख कक्षातून ‘अशी नोंद आढळून येत नाही’ असा शेरा हाती पडला की पुष्कळ जण तिथेच थांबतात. स्वतःच्या घराण्यासाठी आणि नंतर नात्यागोत्यातल्या काहींसाठी मी हे काम काही वर्षे करत आलो आहे. कागद खरोखर नष्ट झाल्याचे प्रसंग मला थोडे भेटले, चुकीच्या खुणेने शोधत राहिल्याचे त्याहून कितीतरी जास्त.

ही चूक समजून घेण्यासाठी दप्तर कशासाठी तयार झाले ते ध्यानात घ्यावे लागते. ते शेतसारा वसूल करण्यासाठी तयार झाले. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी मोजणीची पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि आकार, म्हणजे ठरवून दिलेला सारा, मिळाला. त्या शेतावर कोणाचा कोणत्या प्रकारचा हक्क आहे हे सविस्तर लिहिणारी हक्कनोंदीची पुस्तके मात्र १९०३ च्या कायद्यानंतर, गावागणिक निरनिराळ्या वर्षी सुरू झाली. म्हणून बहुतेक गावांत फेरफार क्रमांक १ हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतला असतो आणि त्याच्या मागचा फेरफार मागणे व्यर्थ असते. या साऱ्या व्यवस्थेत शेताचा क्रमांक कायम असतो आणि माणसे त्याच्यावर येऊन जाऊन असतात. आपण मात्र माणसाचे नाव धरून शेत शोधत बसतो. नाव हरवले की ते काही काळ बाजूला ठेवून जमिनीचा क्रमांक धरावा आणि एकेक पायरी मागे उतरावे, हा माझ्या मते या कामातला पहिला आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे.

गट क्रमांक जुन्या पुस्तकात सापडत नाही

तुमच्या आजच्या सातबाऱ्यावर गट क्रमांक असेल, तर तो बहुधा तुमच्या आजोबांच्या तरुणपणी अस्तित्वातच नव्हता. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा १९४७ साली झाला आणि त्याखालची एकत्रीकरण योजना पुढच्या काही दशकांत गावोगाव राबवली गेली. तिच्यात जुने सर्व्हे क्रमांक आणि त्यांचे पोटहिस्से मोडून नवे गट पडले, जुने सातबारे बंद झाले आणि नव्या क्रमांकांचे उघडले. त्यामुळे गट क्रमांक २१४ चा १९३० सालचा उतारा मागितला, तर तो नाही असेच खरे उत्तर मिळणार.

यासाठी आधी एकत्रीकरण योजनेचा उतारा काढावा लागतो. कार्यालयात त्याला नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा म्हणतात. नवा गट कोणत्या जुन्या सर्व्हे क्रमांकांतून आणि कोणत्या हिश्शांतून तयार झाला, हे त्यावरून कळते. हा कागद तहसीलमध्ये नाही मिळाला, तर भूमि अभिलेख खात्याच्या तालुक्यातील उप अधीक्षकांच्या कार्यालयात विचारावे. ही दोन कार्यालये वेगळी आहेत, त्यांची दप्तरे वेगळी आहेत, आणि एका ठिकाणचा नकार हा दुसऱ्या ठिकाणचा नकार नसतो, ही साधी गोष्ट कळायला मला दोन उन्हाळे लागले.

जुना सर्व्हे क्रमांक हाती आला तरी तो बरोबर आहे ना, याची खात्री करून घ्यावी. तिच्यासाठी क्षेत्र आणि आकार यांच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. जुन्या कागदावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि आकार रुपये, आणे, पै यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एका एकराचे साधारण साडेचाळीस आर धरले, तर ३ एकर २० गुंठे म्हणजे १ हेक्टर ४२ आर येतात. तसेच ३ रुपये ६ आणे हा आकार पुढच्या कागदावर ३.३८ असा दिसतो. एखादा सर्व्हे क्रमांक चार हिश्शांत फुटला असेल, तर चारही हिश्शांच्या आकाराची बेरीज मूळ क्रमांकाच्या आकाराइतकी यायला हवी. ती येत नसेल, तर मधला एखादा हिस्सा तुमच्या नजरेतून सुटला आहे आणि हरवलेला भाऊबंद बहुधा त्याच हिश्शावर बसलेला आहे. दोन फेरआकारणींच्या मधल्या काळात आकार सहसा हलत नाही. नावाचे स्पेलिंग, आडनाव आणि हस्ताक्षर मात्र दर दहा वर्षांनी बदलते.

क्रमांक जुळला, तरीही पणजोबा नाहीत

माझी स्वतःची शोधयात्रा इथेच अडली होती. जमीन तीच, क्षेत्र तेच, आकार तोच, पण कब्जेदाराच्या रकान्यात घरात कोणी कधीही न उच्चारलेले एक नाव. आम्ही वर्षभर असे समजून चाललो की जमीन पणजोबांनी कोणाकडून तरी विकत घेतली असावी, आणि दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत शोधत राहिलो. ते मिळाले नाही, कारण ते झालेच नव्हते. ते नाव पणजोबांच्या थोरल्या भावाचे होते. नावापुढे बारीक अक्षरात ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरे होती आणि आम्ही ती पुसट डागासारखी सोडून दिली होती.

‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ हा त्याचा अर्थ. कुटुंब एकत्र असेपर्यंत सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचेच नाव पुस्तकाला लागे, आणि तो बहुधा थोरला भाऊ असे. धाकटे तीन भाऊ त्याच शेतात राबले, त्याच वाड्यात मेले, तरी महसुली दप्तराच्या दृष्टीने ते जणू नव्हतेच. म्हणून कब्जेदार अनोळखी निघाला, तर तो परका आहे असे मानण्याआधी त्याच्या नावापुढची आणि इतर हक्कांच्या रकान्यातली संक्षिप्त अक्षरे भिंग घेऊन वाचावीत. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. तिथे ज्याचे नाव लिहिलेले असते तो अज्ञान मुलगाच कदाचित तुमचा पणजोबा असतो, आणि त्या नोंदीच्या वर्षावरून त्याच्या जन्माचा अंदाजही बांधता येतो.

धाकट्या भावांची नावे पुढे येतात ती वाटपाच्या फेरफारात, म्हणून वारसनोंदींच्या बरोबरीने वाटपाच्या नोंदी शोधाव्यात. वारसनोंद एका मृत माणसाची मुले सांगते. वाटपाची नोंद दोन-तीन पिढ्यांचा भाऊबंदांचा सगळा गोतावळा एकाच पानावर मांडते, कोणाला कोणता हिस्सा आला ते सांगते, आणि त्यावरच्या जबाबांत आपापसातील नाती स्पष्ट लिहिलेली असतात. वंशावळीच्या दृष्टीने तसे एक पान दहा सातबाऱ्यांना भारी असते.

स्त्रियांचा शोध याहून कठीण आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलींची नावे सहसा येतच नाहीत. पुढच्या काळात ती दिसू लागतात, पण अनेकदा सासरच्या आडनावाने आणि इतर हक्कांच्या रकान्यात. त्याआधीच्या काळात मुलगा नसलेल्या किंवा मुलगा अज्ञान असलेल्या विधवेचे नाव तेवढे लागलेले आढळते, ‘अमुक कोम तमुक’ किंवा ‘अमुक भ्रतार तमुक’ अशा रूपात. तिचा नवरा कोण, एवढेच त्यावरून कळते. तिचे माहेर कोणते, हे या दप्तराला विचारण्यात अर्थ नाही.

एकाच नावाची दोन माणसे

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एक विलक्षण घोटाळा होतो. समजा, पुस्तकात एका ठिकाणी ‘राणू बिन सटवा’ (म्हणजे सटवाचा मुलगा राणू) आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘सटवा बिन राणू’ आहे आणि तिसऱ्या ठिकाणी पुन्हा ‘राणू बिन सटवा’ आहे. पहिला आणि तिसरा राणू एकच समजले, की दोन पिढ्या वंशावळीतून गळून पडतात आणि मग कोणाचे तरी आयुष्य सव्वाशे वर्षांचे निघते. उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा आहे: प्रत्येक नोंदीतले नाव, बापाचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि वर्ष एका वहीत ओळीने लिहून काढावे आणि ‘मयत’ हा शब्द ज्या नोंदीत आला असेल, तिच्या नंतरचा त्याच नावाचा माणूस नवा धरावा.

आडनावावर तर अजिबात विसंबू नये. जुन्या नोंदींत माणूस आणि त्याचा बाप एवढेच असते; आडनाव असलेच तर ते कधी हुद्द्याचे असते, कधी मूळ गावाचे, कधी जातीचे. पाटीलकी थोरल्या घराकडे असल्यामुळे एका भावाचे वंशज पाटील झाले आणि दुसऱ्याचे मूळ आडनावानेच राहिले, असे घराण्याघराण्यात दिसते.

मोडी हा अनेकांना वाटतो तेवढा मोठा अडसर नाही. फेरफाराचा मजकूर ठरावीक साच्याचा असतो: कोण मयत झाला, कोणी वर्दी दिली, कोणाचे नाव कमी झाले, कोणाचे दाखल झाले, कोणी मंजूर केले. तो साचा एकदा ओळखीचा झाला, की ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारी आणि शब्द न तोडता धावणारी ती अक्षरे दोन-तीन महिन्यांच्या सरावाने निदान नावांपुरती उमगतात. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचे असेल, तर त्याला सुटे पान न देता मागची-पुढची दोन पाने द्यावीत. त्या लेखनिकाच्या हाताचा ‘व’ आणि ‘ब’ वेगळे कसे आहेत, हे एका पानावरून सांगणे त्यालाही जड जाते.

तारखांपाशी एक इशारा. शके लिहिलेले असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावेत. शके १८४० म्हणजे १९१८-१९. घरातले दोन-तीन मृत्यू याच वर्षी एकापाठोपाठ दिसले, तर वाचण्यात चूक झाली असे समजू नये. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा काळ आहे.

गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होते

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता असे अनेकांना शेवटी वाटते. आजच्या जिल्ह्याचे नाव घेऊन जुना कागद शोधणे फसवे असते. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, पण ते सांगली संस्थानात होते. आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता, १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर तो दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि पुढे त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. करवीर संस्थान तर १९४९ साली विलीन झाले आणि त्याच्या दप्तराचा मोठा भाग कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. संस्थानी गावांत हक्कनोंदीची पद्धत, पुस्तकांचे नमुने आणि सुरुवातीचे वर्ष खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या, मुलखापेक्षा वेगळे असू शकते. शिवाय जिल्ह्यांची फाळणी अलीकडेपर्यंत चालू राहिली आहे: जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ साली, लातूर १९८२ साली, नंदुरबार १९९८ साली, पालघर २०१४ साली. नव्या तालुक्याला जुने दप्तर पूर्णपणे सुपूर्द झाले नसेल, तर ते अजून मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात बस्त्यात बांधलेले असते. म्हणून नकार मिळाल्यावर ‘हे गाव पूर्वी कोणत्या तालुक्यात, कोणत्या पेट्यात (तालुक्याच्या पोटविभागात) होते’ असे तिथल्याच अभिलेखपालांना विचारावे. या प्रश्नाने बहुधा त्यांचा सूरच बदलतो.

मराठवाड्याची अडचण वेगळ्या जातीची आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती आणि वर्षे फसली सनाची, म्हणजे महसुली कालगणनेची, होती. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३४५ हे १९३५-३६ होय. तिथे बहुतेकांना आधार मिळतो तो १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाचा. त्याच्या मागे जायचे तर उर्दू वाचणारा माणूस आणि बरीच चिकाटी लागते, आणि काही कागदांसाठी थेट हैदराबादचे अभिलेखागार गाठावे लागते. पूर्व विदर्भात मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारामार्फत गोळा करण्याची पद्धत) १९५१ साली संपली आणि १९५४-५५ च्या सुमारास अधिकार अभिलेख तयार झाले. त्याच्या मागचा धागा बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या कामाच्या, मिसलींत (फायलींत) सापडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुस्तकांची नावे घेऊन तिथे अर्ज केला, तर कारकुनाला काय हवे आहे तेच कळत नाही.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती

इथवरचे सगळे उपाय जमीनधारकांसाठी झाले. ज्यांचे पूर्वज बलुतेदार, शेतमजूर किंवा फिरस्ते होते, त्यांच्याविषयी हे दप्तर फार कृपण आहे, आणि वंशावळीच्या उत्साही मार्गदर्शनांत ही गोष्ट सहसा दडपली जाते. तरी तीन ठिकाणी प्रयत्न करण्यासारखा आहे. कुळे म्हणून कसणाऱ्यांची नावे १९४८ च्या कुळकायद्यानंतरच्या नोंदींत येतात. वतनी, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात दिलेल्या, जमिनींच्या नोंदी गावकामगारांच्या घराण्यांना उपयोगी पडतात, विशेषतः १९५८ च्या कनिष्ठ वतने रद्द करणाऱ्या कायद्यानंतर जमीन कोणाला परत मिळाली ते सांगणाऱ्या.

तिसरे ठिकाण सर्वांत मोलाचे: जन्ममृत्यूचे जुने पुस्तक, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला काही भागांत कोतवाल बुक म्हणतात. त्याला जमीनजुमल्याशी काही देणेघेणे नाही. गावात जो मेला त्याची नोंद व्हावी, हीच अपेक्षा. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, त्यामुळे नावाने शोधणारा हमखास निराश होतो. बापाच्या नावाने आणि अंदाजे वर्षाने शोधावे, आणि मिळालेल्या प्रत्येक जन्माला त्याच बापाच्या मुलांच्या वयांशी ताडून पाहावे. मृत्यूच्या नोंदीत मात्र नाव, वय आणि कारणही असते. गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर याला जोड देते. तिथे जन्मतारीख १ जून दिसली, तर ती आईने सांगितलेली नसून गुरुजींनी बसवलेली आहे असे खुशाल समजावे. वर्षातही दोन-तीन वर्षांचे अंतर सोडावे.

अर्जाविषयी थोडेसे

‘आमच्या घराण्याच्या सर्व जुन्या नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज कोणी निकाली काढू शकत नाही. गाव, जुना सर्व्हे क्रमांक, पुस्तकाचे नाव आणि वर्षांचा पल्ला लिहिलेला अर्ज निकाली निघतो. जीर्ण झाल्यामुळे नक्कल देता येत नाही असे सांगितले गेले, तर पाहणीची परवानगी लेखी मागावी आणि नकारही लेखी घ्यावा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यानंतरची पायरी आहे, पहिली नव्हे. अनेक तालुक्यांतील जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा आता शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात, पण तिथली अनुक्रमणिका मानवी हातांनी भरलेली आहे. तिथे क्रमांक न दिसणे म्हणजे पुस्तकात नोंद नसणे असे होत नाही. शक्य असेल तर गावचे पहिले शंभर-दीडशे फेरफार सलग वाचून काढावेत. अनुक्रमणिकेतून निसटलेले नाव असे वाचताना सापडते आणि शेजारच्या शेतांचे मालक कोण होते तेही लक्षात येते.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही मार्गदर्शिकेत नसते. तुम्ही जुने फेरफार काढता आहात ही बातमी गावात तुमच्या आधी पोहोचते, आणि चुलत्यांची अशी खात्रीच होते की हा हिस्सा मागायला आला. आमच्या एका चुलत आजोबांनी सहा महिने माझ्याशी बोलणे टाकले होते. मी त्यांना वाटपाच्या फेरफाराची प्रत नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि जबाबाखालच्या एका अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून, ‘हा माझ्या बापाचा’ एवढेच म्हणाले. मग आतून एक जुनी पत्र्याची पेटी आणली. तिच्यात १९११-१२ पासूनच्या साऱ्याच्या पावत्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर, तहसीलच्या कोणत्याही पुस्तकात मला न मिळालेले, माझ्या पणजोबांचे नाव होते.